‘राखड’चा पहिला आवाज

५ जानेवारी, रविवार

बॅटरी कंपनीचा माणूस दरवर्षी डायरी देऊन जातो आणि दरवर्षी कामिनी तीत दूधवाल्याचे खाडे लिहिते. यंदाची मी आधीच उचलून दुकानात ठेवली, कारण आज लिहिण्यासारखं घडलं.

संघपाल आला होता. माझं इन्व्हर्टरचं दुकान नागपूरच्या मनीषनगरला आणि तो राहतो पार दुसऱ्या टोकाला, इंदोऱ्याला, त्यामुळे कामाशिवाय तो इकडे फिरकत नाही. आज काम नव्हतं. स्टुलावर बसला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "जित्या, पहिली कॅसेट वाजवू. पूर्ण. जशी होती तशी. एक डाव."

मी म्हटलं, "सकाळपासूनच लावली का बे?" तो हसला नाही.

पुढे कोणी हे वाचलंच तर कळावं म्हणून लिहितो. अठ्ठ्याण्णव साली आम्ही चौघांनी ‘राखड’ नावाचा मेटल बँड काढला. कोळसा जळून उरते ती राखड. संघपाल गायचा, म्हणजे गुरगुरायचा. मी गिटार, ताराचंद ड्रम, आणि बास गिटारवाला पुढे दुबईला गेला. स्टुडिओ परवडत नव्हता म्हणून पहिली कॅसेट ताराचंदच्या वडिलांच्या इतवारीतल्या भांड्यांच्या गोदामात रेकॉर्ड केली. आम्ही वाजवायला लागलो की तिथली ताटं, झाकणं, डबे सगळे झणझणायचे. सगळ्यात वरच्या फळीवर न विकलेला एक मोठा पितळी गुंड होता, पूर्वी पाणी भरायला वापरत तसला. ‘भट्टी’ गाण्याच्या शेवटी संघपाल डरकाळी फोडायचा आणि तो गुंड आपोआप घुमायला लागायचा. डरकाळी संपली तरी गुंड चालूच. मुंबई-पुण्याची पोरं पत्रं पाठवून विचारायची, हा आवाज कोणत्या मशीनने काढला.

मग आम्ही शहाणे झालो. कीबोर्ड घेतला, हिंदी गाणी केली, कंपन्यांच्या पार्ट्यांत सूट घालून वाजवलं. मला त्या सगळ्याची शिसारी होती आणि सगळ्यात जास्त राग संघपालचा होता, कारण मऊ गाण्यांचा हट्ट त्याचाच. आणि आज तोच म्हणतो, जशी होती तशी.

मी त्याला मिठी मारली नाही. मारायला पाहिजे होती. त्याऐवजी म्हटलं, "ताराला फोन लाव."

१२ जानेवारी, रविवार

पहिली प्रॅक्टिस. ताराचंदने गोदामाचा मागचा भाग रिकामा केला. मी त्याला बजावून ठेवलं होतं, भांडी हलवायची नाहीत. गुंडही जागेवर आहे, फक्त काळा पडलाय. आम्हीही पडलोच आहोत.

बासवर आता अपूर्व आहे. मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, तिशीचा आहे, आमची कॅसेट मोठ्या भावाकडे ऐकून वाया गेला असं स्वतःच सांगतो. त्याने बावीस फेब्रुवारीला एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रमसुद्धा ठरवून टाकला.

आमची जुनी पद्धत आहे. वाजवायच्या आधी ताराचंद प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून खर्रा घोटतो आणि सगळे त्याच पन्नीतून चिमूट घेतात. त्याशिवाय गिटारला हात लावायचा नाही. आज पन्नी फिरली, संघपालपाशी आली आणि त्याने पुढे सरकवली.

"सोडला," म्हणाला.

"काहून?"

"असाच."

असाच म्हणे. पंचवीस वर्षं एका पन्नीतला खाल्ला आणि आता साहेबांची तब्येत नाजूक झाली. पोहे आले तर म्हणाला वरून तर्रीचा रस्सा नको, दही दे. नागपुरात जन्मून पोह्यांवर दही. ताराचंदसुद्धा बघत राहिला. तर्री मात्र हल्ली हे ठेलेवाले नुसता जाळ करतात. मलाही मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं.

‘भट्टी’ वाजवलं. माझी बोटं गंजली आहेत पण हाताला गाणं आठवतं. ताराचंदला दम लागला. संघपाल मात्र मान खाली घालून, ओठ जेमतेम हलवत, नाकातून गुणगुणल्यासारखा गायला. शेवटच्या जागी डरकाळीऐवजी एक लांब हुंकार दिला. ताटं झणझणली, ती माझ्या गिटारने. गुंड गप्प. ताराचंदने मान वर करून फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

पहिलाच दिवस आहे, होईल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. कामिनीने वांग्याच्या भाजीत एवढं तिखट घातलं की माझं तोंड पोळलं. ती म्हणते नेहमीएवढंच आहे, तुमचंच काहीतरी झालंय. आपली चूक कबूल करायचीच नाही हा तिच्या माहेरचा गुण. मी दोन पोळ्या तीळगुळाशी खाल्ल्या.

कार्यक्रमाची जाहिरात फिरायला लागली. ‘राखड – पहिला आवाज’. खाली आमचा जुना फोटो, संघपालचा जबडा असा उघडलेला की आत पडजीभ दिसते. अपूर्व सांगत होता, जबलपूरहून, रायपूरहून पोरं येणार आहेत. मी फोटो बराच वेळ पाहिला. आम्ही काय देखणे होतो.

१९ जानेवारी, रविवार

आजही तेच. वर आज त्याने नवीन टूम काढली. ‘भट्टी’ हळू करू, पट्टी आणखी खाली घेऊ, शेवटी कुजबुजल्यासारखं गाऊ. "लोकायले ते जास्त भारी वाटन," म्हणाला.

मी म्हटलं, "तूच म्हणाला होता ना, जशी होती तशी?"

"हो. म्हणालो होतो."

"मग?"

तो मायक्रोफोनची तार गुंडाळत बसला. मला सगळं दिसतंय. ह्याला पुन्हा मऊ गाण्यांवर यायचंय. आम्हाला गोदामात गोळा करायचं, तिकिटं विकू द्यायची आणि मग हळूच कीबोर्डवाल्याला बोलवायचं. अपूर्वला मी तसं बोललो. तो म्हणाला, "काका, मला वाटतं त्यांना त्रास होतोय." त्रास कसला, वरच्या पट्टीची भीती बसली आहे.

२६ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिसऐवजी संघपाल आणि नंदिनी वहिनींना बेशाला आमच्या घरी जेवायला बोलावलं. ही कामिनीची कल्पना. तिचं म्हणणं, चार घास सोबत खाल्ले की माणूस मोकळा होतो.

तिने डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात केला होता, पुऱ्या, गुलाबजाम. संघपालने पुरीला हात लावला नाही. गोळा कुस्करून कुस्करून भातात कालवला, वर ताक ओतलं आणि आमची ताटं धुवायला गेली तरी तो जेवतच होता. गुलाबजाम चमच्याने चिरडून खाल्ला. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या आणि आम्ही बघतोय का तेही बघत होत्या. मी कार्यक्रमाचा विषय काढला की तो म्हणायचा, होऊन जाईन.

ते गेल्यावर कामिनी म्हणाली, "अहो, त्यांच्या तोंडाला काहीतरी झालंय."

"त्याच्या तोंडाला नाही, डोक्याला झालंय," मी म्हटलं.

"तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं का जेवताना?"

नाही पाहिलं. मी माझ्या पुऱ्या खात होतो. त्याही हिने एवढ्या टम्म फुगवल्या होत्या की फोडून खाव्या लागल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मी बोलू नये ते बोललो, आणि तरी मला वाटतं ते कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

सात वेळा ‘भट्टी’ झालं. प्रत्येक वेळी शेवटी तोच हुंकार. आठव्या वेळी मी मध्येच गिटार थांबवली आणि म्हटलं, "तोंड उघड ना बे. तोंड उघडून गा. लोक काय तुझं नाक ऐकायला येऊन राहिले का?"

ताराचंद म्हणाला, "जित्या, जाऊ दे गा."

"काहून जाऊ देऊ? यानंच सुरू केलं ना हे? होत नसन तर सांग म्हणा, नाही होत."

संघपाल माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्यावर ओरडलं की तो दुप्पट ओरडतो, ही आमची जुनी रीत. आज ओरडला नाही. रुमालाने ओठांचे कोपरे पुसले, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि गेला. बाहेर हातगाड्यांची गर्दी होती, त्यातून त्याची पाठ बराच वेळ दिसत होती. मागे जावं असं वाटलं आणि गेलो नाही.

पन्नीतला उरलेला खर्रा मी एकट्याने संपवला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नंदिनी वहिनी दुकानात आल्या. एकट्या. इतक्या वर्षांत त्या कधी दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या.

"जयभीम भाऊजी. मी आली हे त्यायले सांगू नका."

मी खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनी चहा घेतला नाही. सरळ बोलल्या. संघपालचं तोंड वर्षभरापासून आखडत चाललंय. खर्ऱ्याने आतला गाल चामड्यासारखा होतो, ताणत नाही. डिसेंबरमध्ये आत एक चट्टा दिसला. तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. लवकर सापडला, आता कापला तर निघेल, असं डॉक्टर म्हणतात. जानेवारीतलीच ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती ह्याने घेतली नाही. शो झाल्यावर बघू म्हणाला. नंतरची तारीख मार्चची मिळाली.

"डॉक्टर म्हणाले, गाल कापा लागन, जबड्याचं हाड पण थोडं जाऊ शकते. मग ते ओरडणं नाही जमणार म्हणे. तेव्हापासून एकच लावलं आहे, एक डाव गाऊ द्या मले, मग काय कापायचं ते कापा."

मी काय बोललो ते आठवत नाही.

"भाऊजी, ते कोणाचंच ऐकून नाही राहिले. माह्यं नाही, पोरीचं नाही. तुमचं ऐकतीन. तुम्ही बंद करा हे."

वहिनी गेल्यावर मी शटर अर्ध्यावर ओढून बसून राहिलो. तोंड उघड ना बे, असं मी त्याला म्हटलं होतं. चारचौघांत.

५ फेब्रुवारी, बुधवार

संघपालच्या आयटीआयसमोर जाऊन उभा राहिलो. तो तिथे फिटरच्या पोरांना शिकवतो. मला बघून त्याला कळलं.

"नंदिनी आली होती तुझ्याकडे."

मी नाही म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, हे त्याला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे.

चहाच्या टपरीमागे बाकावर बसलो. तो म्हणाला, "हे पाह्य." आणि उजव्या हाताची तीन बोटं उभी जोडून दाखवली. "एवढी जायले पाहिजे तोंडात. डॉक्टर असंच मोजते." मग त्याने तोंड उघडलं, म्हणजे त्याला जेवढं उघडता आलं तेवढं. एक बोट गेलं. दुसरं दातांपाशी थांबलं. जाहिरातीतल्या फोटोतला माणूस आणि हा माणूस एकच आहे हे मला कळत होतं आणि पटत नव्हतं.

"मले सांगायचं होतं ना बे," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू वाजवलं असतं का?"

याचं खरं उत्तर मला माहीत नव्हतं.

"जित्या, सूट घालून गायलो ना मी, ते माझंच चुकलं. तू बरोबर होता. आता जायच्या आधी एकदा त्या आवाजात गाऊ दे. मी रोज ताणतो, मलम लावतो, लाकडाच्या चमच्या घालतो तोंडात. बावीसपर्यंत होईन. तू फक्त थांबवू नको. वचन दे."

मी दिलं. त्याने हात पुढे केला होता, मी काय करणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वचन दिलं हे बरोबर केलं का? दोन आठवड्यांनी काय मोठा फरक पडतो? इतके दिवस गेलेच ना. पण त्या रोगाला बावीस तारीख माहीत नाही.

आणि हेही लिहून ठेवतो, कारण डायरीत तरी खोटं नको. मला तो कार्यक्रम पाहिजे आहे. संघपालसाठी म्हणतो मी, पण मलाही पाहिजे आहे. आयुष्यभर इन्व्हर्टर विकले. एकदा त्या मैदानावर उभं राहून तो आवाज ऐकायचा आहे. मित्राच्या गालात कॅन्सर आहे आणि मी असा विचार करतो. माझी मलाच लाज वाटते.

आज खर्रा खायचा नाही असं सकाळी ठरवलं. दुपारपर्यंत पाळलं. कामिनीला सगळं सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाली, "तुम्ही एकदा दाखवून या ना." मी म्हटलं, मला काय झालंय, मी ठणठणीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रॅक्टिसला संघपाल सगळ्यांच्या आधी हजर. ताराचंद आणि अपूर्वला त्याने स्वतःच सांगून टाकलं, दोन वाक्यांत, पाऊस येणार आहे असं सांगावं तसं. ताराचंदने हातातली खर्ऱ्याची पन्नी चुरगाळली आणि बाहेर नालीत टाकून आला. संघपाल म्हणाला, "‘भट्टी’ घ्या. पहिल्या स्पीडनं."

आम्ही घेतलं. ताराचंद असा वाजवत होता की मला वाटलं ड्रम फुटणार. ताटं झणझणायला लागली, डब्यांची झाकणं उडायला लागली, वरून धूळ पडली. शेवटची जागा आली. संघपालने मायक्रोफोन सोडला, दोन्ही हातांनी स्वतःचे गाल धरले, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. जबरदस्तीने उघडलं, जाम झालेलं दार खांद्याने रेटतात तसं. आणि डरकाळी आली.

आली ती तीच. माझ्या अंगावर काटा आला. ती थांबली, आम्ही थांबलो, ताटं थांबली, आणि वरच्या फळीवर गुंड घुमत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोक्यात पहिला विचार काय आला तेही लिहितो: बावीसला होणार. हमखास होणार.

मग अपूर्व "काका" म्हणाला आणि मी पाहिलं. संघपाल पाठमोरा होऊन वाकला होता आणि एका स्टीलच्या पातेल्यात, गंजात थुंकत होता. नवीन, विकायचा गंज. त्यात रक्त. थोडं नव्हतं. तो रुमालाने तोंड दाबून आमच्याकडे वळला, तर त्याचे डोळे हसत होते. बोटाने वर फळीकडे दाखवलं. वाजला ना, असं.

मीही मान हलवली. वाजला.

तो म्हणाला, म्हणजे रुमालाआडून कसंबसं म्हणाला, "आता रोज एक डाव करू. सवय होईन."

१० फेब्रुवारी, सोमवार

कार्यक्रम रद्द केला.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच अपूर्वला फोन केला आणि आयोजकांचा नंबर घेतला. त्यांना सांगितलं, बँडमध्ये भांडण झालंय, मी वाजवणार नाही, आणि माझ्याशिवाय कोणी वाजवायचं नाही, कारण निम्मी गाणी माझ्या नावावर आहेत. ते समजावत राहिले. मी हलकटासारखा बोललो. आजाराचं नाव काढलं नाही. संघपालचं तोंड हा गावभर चघळायचा विषय नाही.

मग नंदिनी वहिनींना फोन केला. "आजच दवाखान्यात जा, लवकरची तारीख मागा. शो नाही आता." त्या म्हणाल्या, "त्यायले कोण सांगन?"

मी म्हटलं, मी.

संध्याकाळी इंदोऱ्याला गेलो. तो दारातच उभा होता, अपूर्वकडून कळलं होतं. आत ये म्हणाला नाही.

"वचन दिलं होतं तू."

"दिलं होतं."

"मग?"

"गंजात पाहिलं मी."

"माझं रक्त, माझा गळा. तू कोण ठरवणारा?" तो ओरडला, पण तोंड उघडत नव्हतं म्हणून ओरडणं आतल्या आत दाबलं जात होतं, आणि ते पाहवत नव्हतं. "तुले माहीत होतं मले एकच गोष्ट पाहिजे होती. एकच. तेवढी पण तू नाही देऊ शकला. चालला जा इथून. मेलो तरी येऊ नको."

मी निघून आलो. घरी येऊन कामिनीसमोर रडलो. लग्नानंतर पहिल्यांदा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इंटरनेटवर मला शिव्या चालू आहेत. गद्दार, भाव खातो, म्हातारचळ लागला. जबलपूरच्या एका पोराने लिहिलंय की याची गिटार मोडून याच्याच दुकानात टांगली पाहिजे. अपूर्वला खुलासा करायची घाई झाली होती, मी त्याला दम दिला.

वहिनींचा निरोप आला. सतरा तारखेची जागा मिळाली. संघपाल हो म्हणाला. रागारागाने म्हणाला असं त्यांनी सांगितलं, आता काय राहिलं आहे, कापा म्हणाला. रागाने का होईना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन. मी दवाखान्याच्या बाहेर, फाटकापलीकडे, चहाच्या ठेल्यावर दिवसभर बसलो. आत जायची हिंमत नव्हती. ताराचंद येऊन जाऊन सांगत होता. चार वाजता म्हणाला, झालं, डाव्या गालाचा भाग काढला, हाड थोडंसंच घासलं, सगळं निघालं असं डॉक्टरांना वाटतंय, पक्कं रिपोर्ट आल्यावर. मी विचारलं, शुद्धीवर आल्यावर माझं काही विचारलं का त्याने. ताराचंद म्हणाला, "अबे, बोलता कुठं येते त्याले."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज कार्यक्रम असता.

दुकानात एक पोरगा आला, पाठीवर बॅग, केस खांद्यापर्यंत. रायपूरहून आला होता. रद्द झाल्याचं कळलं होतं पण रेल्वेचं तिकीट काढलेलं होतं म्हणून आलाच. मला ओळखलं, पण शिव्या दिल्या नाहीत. विचारलं, "सर, वो आवाज़ फिर कभी आएगी?"

मी म्हटलं, नहीं बेटा. त्याला चहा पाजला आणि स्टेशनवर सोडून आलो. येताना पानठेल्यावर थांबलो. ताराचंदने पन्नी नालीत टाकली त्या दिवसापासून खर्रा सोडला होता, आज नाही राहवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनींचा फोन. "भाऊजी, त्यायनं बोलावलं आहे."

शर्ट बदलून दवाखान्यात गेलो. संघपाल पलंगावर टेकून बसला होता. डावी बाजू पट्ट्यांनी बांधलेली, नाकात नळी, चेहरा सुजून ओळखू येईना. रिपोर्ट चांगला आला, सगळं निघालं, वहिनींनी दारातच सांगितलं. मी पायथ्याशी उभा राहिलो. काय बोलायचं ते गाडीवर ठरवून आलो होतो, ते सगळं गेलं.

"माफ कर बे," एवढंच निघालं.

त्याने मला जवळ बोलावलं, हाताने. मी खुर्ची ओढून बसलो. मला वाटलं हात हातात घेईल. त्याने माझ्या शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि आतली खर्ऱ्याची पन्नी काढली. बघितली, उशाशी ठेवली. मग उजव्या हाताची तीन बोटं उभी जोडली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

मी हसायला गेलो. म्हटलं, "मले काही नाही झालं गा."

तो बोटं खाली घेईना. त्या सुजलेल्या चेहऱ्यात त्याचे डोळे मात्र प्रॅक्टिसला चुकलो की वटारायचा तसेच वटारलेले होते. मी तोंड उघडलं. पहिलं बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरं दातांवर अडलं. मी आणखी उघडायचा प्रयत्न केला, कानाखाली ताण बसला, पण तोंड तेवढंच राहिलं. हल्ली सगळंच तिखट का लागायचं, ते मला तेव्हा कळलं, तिथे, त्याची बोटं तोंडात असताना.

त्याने बोटं काढली आणि हात माझ्या गालावर ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही.

वहिनी मागेच उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "खालीच बाहेरच्या पेशंटचं नाव लावतात. चला भाऊजी, आत्ताच लावून घेऊ."

मी उठलो. संघपालने माझा शर्ट धरून ठेवला होता, वहिनींनी त्याची बोटं सोडवली, आणि आम्ही जिना उतरलो.